विश्वविस्तार, विश्वाची अखेर आणि संहारविचार

सूत्रपाठातील ‘संहार’ प्रकरण वाचनास घेतले की अलीकडे श्रोत्यांतून एक शंका हमखास निघते. पूर्वी ती चार शिकलेल्या मंडळींकडून येई. आता शाळकरी मुलेही ती विचारतात. गेल्या वर्षी लालबाग येथे एका वासनिकांच्या घरी वाचन चालले असता त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने ती पुढीलप्रमाणे मांडली: “गुरुजी, विश्व सारखे प्रसरण पावत आहे असे आम्हांला शिकविले जाते. कुलाब्याच्या संस्थेत काम केलेले डॉ. नारळीकर तर विश्वाला आरंभच नाही असे म्हणत. आपल्या शास्त्रातही प्रपंच अनादि म्हटला आहे. मग विज्ञानाने आपले शास्त्र सिद्ध केले, असे प्रवचनात सांगायला काय हरकत आहे?”

हरकत आहे, आणि ती लहान नाही. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी नेमके हेच केले होते. त्याचा वृत्तान्त पुढे येईल. परंतु हरकत कोणती हे कळण्यासाठी विश्व प्रसरण पावते या विधानाचा अर्थ, त्यामागील प्रमाणे आणि त्यावरून विश्वाच्या अखेरीविषयी काढलेली अनुमाने, ही तिन्ही नीट समजून घेणे अवश्य आहे. अर्धवट ऐकलेल्या विज्ञानावर शास्त्राची इमारत उभी करणे म्हणजे दोहोंचाही अनादर होय.

चिंचपोकळीच्या फलाटावर उभे असता शेजारच्या रुळांवरून न थांबणारी जलद गाडी येते. जवळ येईतो तिच्या भोंग्याचा स्वर चढा भासतो व ती पुढे निघून जाताच तो एकाएकी उतरतो. दूर जाणाऱ्या उगमाकडून येणाऱ्या लहरी लांबतात, म्हणून स्वर उतरतो. प्रकाशाच्या लहरी लांबल्या की त्याचा वर्ण तांबड्याकडे सरकतो. आपल्या आकाशगंगेसारख्या ज्या असंख्य ताराप्रणाली आहेत, ज्यांस मराठीत दीर्घिका हे नाव रूढ झाले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकींचा प्रकाश असा तांबड्याकडे सरकलेला आढळतो. १९२९ साली एडविन हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने असे दाखविले की जी दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. त्यापूर्वीच १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन यांनी आणि १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून असे विश्व संभवते हे सिद्ध केले होते. विशेष असे की लमेत्र हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आपल्या उपपत्तीचा उपयोग धर्मग्रंथातील सृष्ट्युत्पत्तीच्या समर्थनार्थ करण्यास त्यांचाच विरोध होता. ही गोष्ट आपण ध्यानी धरण्याजोगी आहे.

येथे लगेच एक गैरसमज होतो. सर्वच दीर्घिका आपणांपासून दूर पळतात, तर आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत की काय? दादरच्या बाजारात मीटरवर मिळणारी रुंद इलॅस्टिकची पट्टी घ्यावी व तिच्यावर दर इंचास शाईचा एक ठिपका द्यावा. पट्टी दुप्पट लांबीची होईतो ताणली असता कोणत्याही ठिपक्याचा शेजारी एक इंचाने दूर जातो, दुसरा दोन इंचांनी आणि दहावा दहा इंचांनी. वेळ तेवढाच, म्हणून दहाव्याचा वेग दसपट. मौज अशी की कोणताही ठिपका आपला मानला तरी हाच अनुभव येतो. प्रत्येकास आपणच स्थिर व इतर पळते असे वाटते. मध्य कोणताच नाही. दीर्घिका अवकाशातून धावत आहेत असे नसून त्यांच्यामधील अवकाशच ताणला जात आहे, आणि प्रकाशाची लहरही त्या ताणाबरोबर लांबते. गाडीच्या भोंग्याचा दृष्टान्त म्हणून एवढ्यापुरताच घ्यावा. आजच्या मापनानुसार दर ३२.६ लक्ष प्रकाशवर्षे अंतरामागे हा वेग सेकंदास सुमारे ७० किलोमीटर भरतो.

“मग विश्व फुगते ते कशात?” ही पुढची शंका. पट्टीला बाहेर मोकळी खोली असते. विश्वाला बाहेर अशी खोली मानण्याची समीकरणांना गरज पडत नाही. अंतरे वाढतात, एवढेच त्यांचे म्हणणे. तसेच आपले शरीर, गिरगावातील इमारती, पृथ्वी वा सूर्यमाला फुगत नाही. तेथे परस्परांना धरून ठेवणारी बले प्रबळ आहेत. विस्तार दिसतो तो दीर्घिकांच्या समूहासमूहांमधील विराट अंतरांत.

आता हा विस्तार उलट दिशेने कल्पिला तर मागे जावे तसतसे विश्व अधिक दाट, अधिक तप्त होत जाते. अशा अत्यंत तप्त व दाट अवस्थेपासून आजपर्यंत सुमारे १३८० कोटी वर्षे झाली, असे सध्याचे गणित आहे. यासच महास्फोटाची उपपत्ती म्हणतात. नाव मोठे फसवे आहे. कोठेतरी रिकाम्या जागी स्फोट झाला असे तीत सांगितलेले नाही. आणि त्या तप्त अवस्थेपूर्वी काहीच नव्हते असेही ती सिद्ध करीत नाही, कारण त्या टोकास आजची समीकरणेच चालेनाशी होतात.

या उपपत्तीस प्रतिपक्ष उभा राहिला तो १९४८ मध्ये, केंब्रिजच्या हॉइल, बाँडी व गोल्ड या तिघांकडून. त्यांस विश्वाचा विस्तार मान्य होता, आरंभ मान्य नव्हता. दीर्घिका दूर जातात तसतसे मधल्या अवकाशात नवे द्रव्य अल्प प्रमाणात उत्पन्न होत राहते, म्हणून विश्व सर्वकाळ सारखेच दिसते, असा त्यांचा सिद्धान्त. हे प्रमाण इतके अल्प की एक घनमीटर पोकळीत शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा सुमारे एक अणू पुरावा! यासच स्थिर स्थिती सिद्धान्त म्हणतात. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य. १९६४ मध्ये या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडली, तेव्हा नारळीकरांना सव्विसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. पुढल्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. महाराष्ट्रात त्या वेळी केवढे कौतुक झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. १९७२ मध्ये ते स्वदेशी परतले व कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापिलेली ही संस्था १९६२ पासून कुलाब्याच्या टोकाशी समुद्रकाठी स्वतःच्या वास्तूत आहे. १९८९ पर्यंत नारळीकर तेथे होते; नंतर पुण्यास आयुका या संस्थेचे संचालक म्हणून गेले. मराठीतून विज्ञान सांगण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठविली आणि नाव झाकलेले असता बक्षीस मिळविले. २० मे २०२५ रोजी पुणे येथे ते निवर्तले.

आता लेखकाच्या चुकीचा वृत्तान्त. ते वर्ष १९७७. वरळीस नेहरू तारांगण त्याच वर्षी उघडले होते आणि आकाशाविषयी मुंबईत विलक्षण कुतूहल होते. लेखक तेव्हा शाळेत शिक्षक होता व सुटीच्या दिवशी दादर येथे छोट्या मंडळीपुढे प्रवचन करी. वर्तमानपत्रांतील लेख वाचून स्थिर स्थिती सिद्धान्त आपणांस समजला असा समज करून घेऊन, एका प्रवचनात मोठ्या आवेशाने सांगितले की प्रपंच अनादि आहे हे आपले शास्त्र सातशे वर्षांपूर्वी सांगून गेले आणि आज कुलाब्याची संस्था तेच सांगत आहे. श्रोते प्रसन्न झाले. मागे बसलेला एक तरुण मात्र प्रवचन संपल्यावर थांबला. परळच्या गिरणीत कामाला जाऊन रात्रीच्या वर्गात शिकणारा मुलगा होता तो. त्याने विचारले, “गुरुजी, १९६५ साली ती सूक्ष्मलहरींची प्रारणे सापडली, त्यानंतर हा सिद्धान्त बहुतेकांनी सोडला असे आमचे सर म्हणतात. सिद्धान्त सुटला तर शास्त्रही सुटले, असे समजायचे का?”

लेखकास त्या प्रारणांचे नावही ठाऊक नव्हते. उत्तर देता आले नाही. तो तरुण पुढे वाचनास येईनासा झाला. दोष त्याचा नव्हे.

ही प्रारणे म्हणजे काय? विश्व एके काळी दाट व तप्त असेल, तर त्या तापाचा अवशेष आजही सर्व दिशांनी, विस्तारामुळे अत्यंत थंड झालेल्या लहरींच्या रूपाने आला पाहिजे, असे अनुमान महास्फोटवाद्यांनी आधीच बांधले होते. अमेरिकेतील पेंझिआस व विल्सन या दोघांना एका मोठ्या आकाशकाच्या चाचणीत सर्व दिशांनी सारखीच येणारी एक खरखर आढळली. प्रथम त्यांना ती यंत्रातील दोष वाटली; आकाशकातील कबुतरांची विष्ठासुद्धा त्यांनी साफ करून पाहिली. खरखर गेली नाही. १९६५ मध्ये तिचा अर्थ प्रसिद्ध झाला. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश तापमानाची ही प्रारणे होत. १९७८ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्थिर स्थितीत विश्व कधी तप्त नव्हतेच. तेव्हा ही प्रारणे तेथे स्वाभाविकपणे बसत नाहीत.

मुंबईत १९७२ च्या ऑक्टोबरात दूरदर्शन सुरू झाले. त्या काळचे संच ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर मुंग्यांसारखी पांढरीकाळी चळवळ चाले. तिच्यातील अल्पसा अंश या आदिम प्रारणांचाच असे. ज्या दादरच्या खोलीत लेखक विश्वाला आरंभ नाही असे ठासून सांगत होता, तिच्या शेजारच्या घरात त्याच्या विरुद्धचे प्रमाण पडद्यावर नाचत असावे!

विज्ञानाच्या बाजूने झालेली ही चूक. शास्त्राच्या बाजूने झालेली चूक मात्र याहून गंभीर होती आणि ती उमगावयास कित्येक वर्षे गेली. आपल्या मते जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परभिन्न. हे खरे. परंतु प्रपंच अनादि म्हणताना कारणप्रपंच अभिप्रेत आहे. जो दृश्य, व्यक्त, आकारास आलेला आहे तो कार्यप्रपंच अनित्य होय. त्याची रचना होते व त्याचा संहारही होतो. म्हणूनच सूत्रपाठात संहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. स्थिर स्थिती सिद्धान्त ज्यास अनादि व अनंत म्हणतो ते विश्व म्हणजे तारे, दीर्घिका, धूळ व वायू, अर्थात व्यक्त कार्य! तो सिद्धान्त अक्षरशः स्वीकारला तर संहारास जागाच उरत नाही. म्हणजे ज्यास लेखकाने शास्त्राचा साक्षी म्हणून उभे केले, तो साक्षी प्रतिपक्षाचाच होता. ‘अनादि’ हा एक शब्द दोन्हीकडे दिसला, इतकाच काय तो आधार. लालबागच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातही नेमका हाच सांधा निसटला आहे.

तर मग महास्फोट हा आपला साक्षी मानावा काय? तेही नाही. विश्वाच्या अखेरीविषयी गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांची मते कशी फिरली ते पाहिले म्हणजे याचे कारण कळेल.

गोटा वर भिरकावला तर वेग कमी होत होत तो परत येतो. वेग सेकंदास अकरा किलोमीटरांहून अधिक असेल तर पृथ्वीची ओढ त्यास परत आणू शकत नाही. विश्वाचेही तसेच मानले जाई. विश्वात द्रव्य पुरेसे असेल तर परस्परांच्या आकर्षणाने विस्तार मंदावेल, थांबेल आणि सर्व विश्व उलट आकुंचन पावून पुन्हा तप्त व दाट होईल. द्रव्य कमी असेल तर विस्तार मंद होत गेला तरी कधी थांबणार नाही. सीमारेषा किती द्रव्याची? घनमीटरमागे हायड्रोजनच्या सुमारे पाच अणूंइतकी. गिरगावातल्या चाळीतील दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सरासरीने दीड-दोनशे अणू! आपल्या खोलीतील हवेत याच्या अब्जावधीपटींहूनही कितीतरी अधिक अणू असतात, यावरून विश्व सरासरीने किती रिते आहे ते कळावे. १९७०-८० च्या सुमारास मराठी विज्ञानलेखांतून ‘विश्व मोकळे की बंदिस्त’ ही चर्चा वाचावयास मिळे, ती हीच. बंदिस्त पक्ष ज्यांना आवडे त्यांत आपल्याकडील धार्मिक वक्ते पुष्कळ असत. आकुंचनात त्यांना प्रलय व नंतरच्या विस्तारात पुनःसृष्टी दिसे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे, या जवळिकीवर रंगलेली व्याख्यानेही लेखकाने ऐकली आहेत. पृथ्वीचे वय आणि विश्वाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेही वक्त्यास सांगण्याची सोय नसे.

मग १९९८ साल उजाडले. अतिदूरच्या विशिष्ट जातीच्या स्फोटक ताऱ्यांची अंतरे मोजून विस्तार किती मंदावत आहे हे ठरविण्यास दोन स्वतंत्र गट बसले होते. दोघांनाही उलटेच आढळले: विस्तार मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे. भिरकावलेला गोटा अधिकाधिक वेगाने वर जावा, तशातला हा प्रकार. या शोधास २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेग वाढविणारे जे काही आहे त्यास अदृश्य ऊर्जा असे नाव देण्यात आले. नाव दिले म्हणजे वस्तू कळली असे नव्हे. आजच्या हिशेबाने विश्वातील एकूण सत्त्वापैकी सुमारे ६८ टक्के ही अदृश्य ऊर्जा, २७ टक्के अदृश्य द्रव्य आणि ज्याचे तारे, डोंगर, झाडे व आपली शरीरे बनली आहेत ते ओळखीचे द्रव्य अवघे ५ टक्के. चाळीतील त्या खोलीच्या हिशेबात ओळखीचे अणू आठ-नऊच भरतात. कुलाब्यास १९८० ते १९९२ या काळात असलेले व पुढे पुण्यास गेलेले थानू पद्मनाभन यांनी या अदृश्य ऊर्जेचे कोडे सोडविण्यासाठी कित्येक वर्षे श्रम घेतले; २०२१ मध्ये ते वारले, तेव्हाही कोडे कोडेच होते. नारळीकरांनी हॉइल व बरबिज यांच्यासह १९९३ मध्ये आपल्या जुन्या सिद्धान्ताचे सुधारलेले रूप मांडले होते. त्यात विश्वास आरंभ नाही, पण सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनाने ते आकुंचन-प्रसरण पावते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. नारळीकरांनी मात्र आपला पक्ष सोडला नाही, आणि कोणत्या निरीक्षणाने तो खोटा ठरेल हे सांगण्यासही ते कधी कचरले नाहीत. प्रतिपक्ष जिवंत ठेवण्याचे हे काम मोठे आहे. आपल्या पूर्वाचार्यांनी पूर्वपक्ष किती कसोशीने मांडले आहेत हे जाणणारास त्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

विस्तार असाच वाढत राहिला तर पुढे काय? येथे जी कालमाने येतात ती ऐकून मन थकते. सूर्याचे इंधन आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षे पुरेल. शेजारची देवयानी दीर्घिका, जी आपणांपासून पंचवीस लक्ष प्रकाशवर्षांवर असून जवळ येत आहे, ती पुढील हजार कोटी वर्षांत आपल्या आकाशगंगेत मिसळण्याची शक्यता २०२५ च्या एका गणिताने निम्मी ठरविली आहे. पूर्वी ती निश्चित मानीत. नंतर नवे तारे जन्मणे मंदावेल. सर्वांत लहान, मंद जळणारे तांबडे तारे लक्षावधी कोटी वर्षे टिकतील; पण एकावर चौदा शून्ये इतकी वर्षे लोटेपर्यंत तेही विझलेले असतील. उरतील त्या थंड राखुंड्या आणि कृष्णविवरे. कृष्णविवरेही अतिसंथपणे झिजतात असे स्टीफन हॉकिंग यांचे गणित आहे. शेवटी सर्वत्र सारखा, जवळजवळ शून्य असा गारवा.

या राखुंड्यांचे तरी काय? अणूच्या गाभ्यातील प्रोटॉन अमर आहे की तोही कधीतरी फुटतो, यावर ते अवलंबून आहे. आणि येथे पुन्हा कुलाब्याचा संबंध येतो. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, ज्यांत बी. व्ही. श्रीकांतन प्रमुख होते, जपानच्या ओसाका येथील शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर १४० टन वजनाचे यंत्र उभारले आणि १९८० पासून प्रोटॉन फुटण्याची खूण शोधली. इतक्या खोल जाण्याचे कारण हे की वरून येणाऱ्या विश्वकिरणांचा गोंगाट तेथवर फारसा पोचत नाही. प्रोटॉनच्या आयुष्याची एकावर तीस शून्ये इतकी वर्षे कोण थांबून मोजणार? युक्ती अशी की असंख्य प्रोटॉन एकत्र ठेवून त्यांपैकी एखादा तरी लवकर फुटतो का ते पाहावयाचे. काही संशयास्पद खुणा मिळाल्याचे त्यांनी जाहीरही केले. जगभर खळबळ उडाली. परंतु जपान व अमेरिकेतील अधिक मोठ्या यंत्रांना तशी खूण मिळाली नाही. आज प्रोटॉनचे आयुष्य, त्याच्या फुटण्याच्या एका प्रमुख प्रकारापुरते तरी, एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक आहे असे मानतात. सोन्याच्या खाणीत उतरून द्रव्याच्या मृत्यूचा शोध घेणारी ती माणसे लेखकास नेहमी आदरणीय वाटत आली आहेत. खूण मिळाली असे म्हणण्याचे धैर्य आणि ती टिकली नाही हे मान्य करण्याचे धैर्य, दोन्ही त्यांच्या ठायी होते.

या सर्व भविष्यकथनात लेखकास सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. विस्तार वाढत गेला तर दहा हजार कोटींहून अधिक वर्षांनी आपल्या समूहाबाहेरच्या सर्व दीर्घिका दृष्टिपथापलीकडे जातील. ती आदिम प्रारणे इतकी लांबतील की ओळखू येणार नाहीत. तेव्हा कोणी ज्योतिर्विद असलाच तर त्यास आपला एकच ताऱ्यांचा पुंज आणि भोवती अनंत काळोख एवढेच दिसेल. विश्व प्रसरण पावते हे कळण्यास त्याच्यापाशी कोणतेही साधन उरणार नाही. तो पूर्ण प्रामाणिकपणे, उत्तम यंत्रांनी निरीक्षण करील आणि विश्व स्थिर आहे असा चुकीचा निष्कर्ष काढील. प्रत्यक्ष निर्दोष, अनुमानही निर्दोष, आणि सिद्धान्त मात्र खोटा! आज आपणांसही असे काही दिसेनासे झालेले नसेल कशावरून? तर्कशास्त्र शिकविताना अनुमानास हेतू हवा, दृष्टान्त हवा असे आपण सांगतो. पण हेतूच दृष्टीआड गेल्यास काय, याचे असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

हेही भविष्य अखेरचे नाही. अमेरिकेतील ॲरिझोना येथील एका दुर्बिणीवरील डेसी नावाच्या यंत्राने सुमारे दीड कोटी दीर्घिका व तत्सम ज्योतींची अंतरे मोजली. २०२४ व २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांवरून अशी शंका उत्पन्न झाली आहे की अदृश्य ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी. तसे ठरल्यास विस्ताराचा वेग कायम वाढता राहीलच असे म्हणता येणार नाही, आणि आकुंचनाचा जुना पक्षही विचारातून बाद राहणार नाही. शिक्कामोर्तब अद्याप झालेले नाही. विस्ताराचा आजचा वेग ६७ की ७३, यावरही दोन रीतींच्या मापनांचा तंटा मिटलेला नाही. १९७७ मध्ये एक, १९९८ मध्ये दुसरे, २०२५ मध्ये तिसरे; आणि यांपैकी प्रत्येक वेळी कोणा ना कोणा वक्त्याने आपल्या ग्रंथात तेच सांगितले असल्याचे श्रोत्यांस सांगितले आहे.

आता शास्त्राकडे. हा थंड, विखुरलेला अंत म्हणजेच संहार काय? शब्द जवळचे वाटले तरी पदार्थ भिन्न आहेत. संहारात कार्य हे कारणात परत जाते; विज्ञानाने वर्णिलेल्या शीत अंतात काहीच कोठे परत जात नाही, जे आहे ते विरळ होत राहते. आकुंचनाच्या पक्षातही जे घडते ते द्रव्याच्या आकर्षणाने, जडाच्या स्वभावाने. तेथे कोणाची प्रवृत्ती नाही, कोणासाठी काही नाही. आपल्या मते सृष्टी व संहार हे परमेश्वराच्या प्रवृत्तीने होतात आणि त्यांचा रोख जीवाच्या उद्धाराकडे असतो. जीवाचे काय, हा प्रश्न दुर्बिणीपुढे येतच नाही. आणि दीर्घिकेचा वेग किती, हा प्रश्न सूत्रपाठापुढे येत नाही. लेखकाने पूर्वी केले ते असे, की एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली नेऊन चिकटविले.

त्या विद्यार्थ्यास एवढे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग प्रवचनात या विषयाचे नावच काढायचे नाही का?” तसे मुळीच नाही. कार्यप्रपंचाचा विस्तार किती, हे ज्यास ठाऊक आहे त्याला ‘अनित्य’ या शब्दाचे वजन अधिक कळते. विषय अवश्य काढावा. मात्र साक्षी म्हणून उभा करू नये, आणि जे सांगावयाचे ते साल घालून सांगावे. अमुक साली अमुक मोजले, त्यावरून अमुक अनुमान निघाले, इतके बोलले की पुढे ते बदलले तरी श्रोता फसवला गेला असे होत नाही. ज्यांस शक्य असेल त्यांनी अमावास्येच्या सुमारास कर्जतच्या गाडीने वांगणीस जाऊन एक रात्र आकाश पाहावे. मुंबईची खगोलप्रेमी मंडळी तेथे नेहमी जात असतात. लालबागच्या गच्चीवरून बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात. तेथून, हवा स्वच्छ असल्यास, देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि पंचवीस लक्ष वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो.

एक शंका या लेखात घेता आली नाही. अवकाशच ताणला जातो असे म्हणताना विज्ञान ज्यास अवकाश म्हणते तो आणि पंचमहाभूतांतील आकाश ही एकच वस्तू मानावी किंवा कसे, असे त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांनी पत्राने विचारले आहे. ‘अनादि’ या शब्दाने लेखकास एकदा फसविले असल्याने ‘आकाश’ या शब्दाविषयी घाई करावीशी वाटत नाही. त्याचा विचार पुढील अंकी करू. दंडवत प्रणाम.